सात नंबरची खोली

मोशीत मंजुळाबाईंच्या खोल्या माहीत नाहीत असा माणूस मिळायचा नाही, आणि मंजुळाबाईंचं तोंड माहीत नाही असा तर मुळीच नाही. बंगल्याच्या मागे, जिथं एकेकाळी त्यांचा कांदा निघायचा, तिथं आता पत्र्याच्या अकरा खोल्या ओळीनं उभ्या आहेत. पुढं फरशीचं अंगण, अंगणात एक नळ, नळाशेजारी पाण्याच्या मोटरची लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली मंजुळाबाईंच्या कमरेला. चाकणच्या कंपन्यांत पोट भरायला आलेली निम्मी दुनिया त्या अंगणातून गेली. लातूरची पोरं, बीडची जोडपी, ओडिशाचे वेल्डर, नेपाळचे वॉचमन. येईल त्याला मंजुळाबाई फाटकातच उभं करायच्या आणि पहिला प्रश्न टाकायच्या, "ओळख कोण देणार?"

आधार कार्ड नंतर, बाकीची बोलणी त्याच्याही नंतर. आधी तुला ओळखणारा माणूस माझ्यापुढं आणून उभा कर, त्याला मी चार प्रश्न विचारणार, मग किल्ली. आणि तो ओळख देणारा भाडेकरूचाच मेव्हणा नाहीतर दोस्त निघाला, तर दोघांनाही आल्या पावली परत. "तुझाच माणूस तुला वाईट म्हणणाराय व्हय?" असं म्हणून फाटक लावून घ्यायच्या. याला कारण होतं. एकदा एका गोडबोल्यानं आपलाच भाऊ ओळखीला आणला होता, आणि दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या खोल्यांतले गॅस सिलिंडर घेऊन तो पसार झाला. तेव्हापासून बाई गोड बोलणाऱ्याकडं आधी संशयानंच बघायच्या. स्वतः तर त्यांनी गोड बोलण्याची सवयच लावून घेतली नव्हती.

मानबहादूर तामांग नावाचा वॉचमन असाच एकदा फाटकात आला. सोबत कंपनीचा सुपरवायझर होता. ओळख चोख निघाली आणि सात नंबरची खोली त्याला मिळाली. रात्रपाळी करून सकाळी यायचा, नळावर तोंड धुता धुता मंजुळाबाईंची बोलणी खायचा आणि हसायचा. त्यांना तो 'आमा' म्हणायचा. आमा म्हणजे आई, हे कळल्यावर बाईंनी, "आय म्हणलास म्हणून भाडं चुकंल असं समजू नगंस," एवढं ऐकवलं खरं, पण त्या दिवसापासून सात नंबरला ताटलीखाली झाकून भाकरी जायला लागली. त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या पोरीचा फोटो होता. सुनमाया तिचं नाव. आई घर सोडून गेलेली, पोर तिकडं डोंगरात आजीजवळ. "आमा, इसको बडा स्कूल में डालूंगा," असं तो फोटो दाखवून रोज म्हणायचा, आणि बाई रोज म्हणायच्या, "आधी नळ बंद कर."

एका पहाटे कामावरून परतताना पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रकनं त्याची सायकल उडवली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायला मंजुळाबाईंशिवाय कुणी नव्हतं. त्याला बोलता येत नव्हतं, नुसता बघत होता. ते बघणं काही बाईंना सोसलं नाही. "पोरीच्या शाळेचं मी बघते, तू डोळं मीट," असं त्या म्हणून गेल्या, आणि त्यानं खरंच मिटले.

शब्द दिला तो पाळला. दर सहामाहीला शाळेचा खर्च पोचायचा. तिकडचे लामासर म्हणून एक मास्तर होते, त्यांना हिंदी चांगलं यायचं. ते पावती पाठवायचे आणि सोबत सुनमायाचा फोटो. मंजुळाबाईंनी त्या फोटोंवरच पोर वाढताना पाहिली. दुधाचे दात पडले, वेण्या आल्या, गणवेश आखूड झाला. इकडं त्यांचं स्वतःचं घर मात्र रिकामं होत गेलं. एकुलता एक जयदीप बायकोला घेऊन वाकडला टॉवरमध्ये राहायला गेला. रविवारी यायचा, ते पण निघताना घड्याळ बघत. बंगल्यात उरले सोपानराव आणि मंजुळाबाई. सोपानराव बोलायचे कमी, आणि बाईंना भांडायला तरी समोर माणूस लागायचं.

अशात आळीतल्या उद्धवरावांनी नेपाळची यात्रा काढली. पशुपतिनाथ, मनकामना, मुक्तिनाथ, सोबत आपला आचारी, रोज गरम पिठलं-भाकरी. मंजुळाबाईंनी सगळ्यांत आधी नाव दिलं, तेव्हा गावाला वाटलं की बाईंना देव आठवला. देव नव्हे, त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. सात नंबरच्या भाडेकरूला त्यांनी खोली सोडायला लावली. आतून रंग काढून घेतला, टेबल-खुर्ची आणली, खिडकीला जाळी बसवली. सोपानरावांनी विचारलं, "कोण येणाराय?"

"सुनमायाला आणते. रातीला बंगल्यात निजंल, अभ्यासाला बापाच्या खोलीत बसंल. हितं इंग्लिश शाळेत घालू."

"त्येंला इचारलंस का?"

"इचारायचं काय त्यात? लेकराचं भलंच करतीया की मी."

सोपानराव गप्प बसले. हे गप्प बसणं बाईंना होकारासारखं वाटायचं, तिथंच त्यांची नेहमी चूक व्हायची.

मग गाडी निघाली आणि बाईंच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली ती थांबेचना. गोरखपूरपर्यंत रेल्वेत त्यांनी दहा वेळा पिशवी उघडून बघितली. लेकराचं तोंड पहिल्यांदा बघायचं तर रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून त्यांनी जरीकाठाचं परकर-पोलकं शिवून घेतलं होतं. लाल-हिरव्या काचेच्या बांगड्या, कुंकवाचा करंडा, खोबऱ्याची वाटी, शेंगदाण्याचे लाडू. परकर फोटोवरून अंदाजानं शिवलेला, तो आखूड होईल ही एक काळजी. पोर आपल्याला काय म्हणेल ही दुसरी. त्यात सीमेपाशी कमरेला हात गेला तर मोटरच्या पेटीची किल्ली तिथंच. म्हणजे मोशीत अकरा खोल्यांना पाणी नाही.

"आता गं?" त्यांची धाकटी जाऊ शालनबाई म्हणाली. तीही यात्रेला होती.

"आता काय? मालक फोडतील कुलूप. त्येवढं तरी करतील," असं म्हणून बाईंनी किल्ली परत कमरेला खोचली. पण काळजी आणखी एक वाढली. चार नंबरला टेकबहादूर राहायचा. स्पाइन रोडला त्याची मोमोची गाडी होती आणि अंगणातल्या नळावर तो गाडीची भांडी घासायचा. त्यावरून निघायच्या आदल्या दिवशीच दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. तो आता आपल्या नावानं काय काय बोलत असेल, हे बाईंना इथं बसून ऐकू येत होतं.

पशुपतिनाथाला त्यांनी हात जोडले, पण डोळे मिटले की समोर पोर यायची. सगळे देवळात आत आणि ह्या चपलांजवळ. उद्धवरावांच्या मागं तर पोरीच्या गावी न्या म्हणून त्यांनी असा लकडा लावला की त्या सभ्य माणसाचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. मंडळी मनकामनेला रोप-वेच्या पाळण्यातून वर देवळात जातील त्या दिवशी मंजुळाबाईंना एक जीप करून द्यायची, संध्याकाळी गाडी निघायच्या आत त्यांनी परत यायचं. "उशीर झाला तर मी थांबणार नाही, मावशी," असं ते म्हणाले. थांबले असते, हे दोघांनाही माहीत होतं.

जीप नदी सोडून वर चढायला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. शालनबाईनं सोबत येते म्हणून हट्ट धरला होता आणि आता ती डोळे मिटून रामरक्षा पुटपुटत होती. मंजुळाबाईंचं खाली लक्षच नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन त्या पुढच्या काचेतून बघत होत्या.

गाव म्हणजे उतारावर विखुरलेली वीसेक दगडी घरं. लामासर शाळेजवळच उभे होते. मध्यमवयीन, अंगात स्वेटर, बोलायला मऊ. ते दोघींना सुनमायाच्या घरी घेऊन गेले. अंगणात कणसं वाळत टांगलेली, खांबाला शेळी. आजी बाहेर आली. वाळकी, कणखर म्हातारी, नाकात फुली, कमरेला गुंडाळलेला पटका. तिनं हात जोडले, चटई टाकली, चहा दिला. आणि तिच्या मागं, दाराच्या चौकटीला धरून, दोन वेण्यांची पोर उभी होती. बापाचंच कपाळ. मंजुळाबाईंना वाटलं, उठावं आणि जवळ घ्यावं. पण त्यांना मायेनं बोलायचं कसं ते नीट जमत नसे, म्हणून त्यांनी पिशवी उघडली.

एकेक वस्तू चटईवर मांडली. परकर-पोलकं, करंडा, लाडू, आणि शेवटी बांगड्यांचा जुडगा. मग आजीकडं बघून, आपल्या मोडक्या हिंदीत, अगदी सरळ मनानं म्हणाल्या, "मी हिला न्यायला आले. पुण्याला."

आता खरं तर मोशीचा माणूस स्वतःला पुण्याचा कधी म्हणायचा नाही. कुणी चुकून पुणेकर म्हटलं तर मंजुळाबाई त्याचा पाणउतारा करायच्या. पण परमुलखात मोशी कुणाला ठाऊक? म्हणून त्यांनी समजायला सोपं जावं असं सांगितलं.

आजीचा चेहराच बदलला. हातातला पेला तिनं खाली ठेवला, उठली, पोरीचा दंड धरला आणि तिला आत ढकलून दाराला कडी घातली. आणि दारासमोर उंबऱ्यावर बसली. बांगड्यांकडं बघत काहीतरी बोलली आणि तोंड फिरवलं.

"काय झालं? मी काय वाईट बोलले का?" मंजुळाबाईंनी लामासरांना विचारलं.

लामासर घुटमळले. मग हळूहळू सांगायला लागले. या म्हातारीला मानबहादूरच्या पाठची एक मुलगी होती, फूलमाया. ती आताच्या सुनमायापेक्षा थोडी मोठी असताना गावात एक बाई आली. फार गोड बोलायची. आल्या आल्या पोरीच्या हातात बांगड्या चढवल्या, घरात खाऊ दिला, शाळेसाठी म्हणून पैसेही देऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, पुण्याला हॉटेलात चांगलं काम आहे, शाळा पण करील. फूलमाया तिच्याबरोबर गेली. त्यानंतर तिचं काहीच कळलं नाही. पुण्यात तिला कुठं नेलं असेल हे लामासरांनी बोलून दाखवलं नाही, आणि मंजुळाबाईंनी विचारलं नाही. न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

शालनबाईनं पदर तोंडाला लावला. मंजुळाबाईंनी चटईवरच्या बांगड्यांवर हात ठेवला, जणू त्या झाकल्या की झालं.

"पर मी तशी न्हाई," त्या म्हणाल्या. "सर, तुमी सांगा की त्येंला. इतकी वर्सं शाळेचं मीच बघतीया."

लामासरांनी सांगितलं. आजी उत्तरली, आणि ते उत्तर सांगताना लामासर खाली बघत होते. "ती म्हणते, पैसे तर त्या बाईनेही दिले होते."



"ती विचारते," लामासर पुढं म्हणाले, "तुम्हाला इथं ओळखणारं कोण आहे? तुमची ओळख कोण देणार?"

शालनबाईनं चमकून जावेकडं बघितलं. हा प्रश्न तिनं मोशीच्या फाटकात किती वेळा ऐकला होता. मंजुळाबाई चटईवर बसल्या बसल्या लहान झाल्यासारख्या दिसत होत्या. आतून दाराला काहीतरी खरडल्याचा आवाज आला. पोर फटीतून बघत असावी.

"मी देते की वळख," शालनबाई म्हणाली.

"तू गप. तू माझी जाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या.

उन्हं उतरायला लागली होती. जीपवाला खालून हॉर्न देत होता. इथून उठायचं तर पोरीला एकदा जवळ न घेताच उठायचं, आणि मानबहादूरच्या त्या डोळ्यांना पुढं काय सांगायचं? बाईंनी डोकं खाजवलं, आणि त्यांना टेकबहादूर आठवला. नेपाळी बोलणारा, त्यांना रोज बघणारा. आणि नेमका तोच, जो त्यांच्यावर सगळ्यांत जास्त खार खातो. दुसरं होतं कोण?

लामासरांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लागला. गाडीवर मोमो वाफवताना टेकबहादूर दिसला. मंजुळाबाईंचं तोंड पडद्यावर बघताच तो हिंदीत ओरडला, "आई, मोटरची किल्ली! तुम्ही किल्ली घेऊन नेपाळला गेला? दोन दिवस आम्ही टँकरचं पाणी प्यालो!"

"फोडलं न्हाई का कुलूप मालकांनी?"

"फोडलं, पण दोन दिवसांनी!"

"बरं, ते मग बघू. हितं एका म्हातारीला माझ्याबद्दल सांग," असं म्हणून बाईंनी फोन आजीच्या हातात दिला आणि आपण मान खाली घालून बसल्या.

आजीनं विचारलं. टेकबहादूरनं जे तोंड सोडलं ते सोडलंच. मंजुळाबाईंना नेपाळी येत नव्हतं, पण मधेच 'पानी', मधेच 'मोटर', मधेच 'भाडा' असं ऐकू यायचं आणि दर वेळी त्या पदर आणखी पुढं ओढायच्या. लामासरांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं, ते त्यांनी हातानं झाकलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतो, बाई फार कजाग आहे. पाणी मापून देते. भाडं चुकलं की दारात उभी राहते आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलते." लामासर ऐकत ऐकत सांगत होते. "म्हणतो, कुठल्या खोलीत परकी मुलगी दिसली तर ती कोण, कुठली, कुणी आणली, हे विचारल्याशिवाय सोडत नाही. एकदा एका भाडेकरूनं भाची म्हणून एक पोर आणली होती, तर हिनं पोरीच्या आईशी फोनवर बोलेपर्यंत त्याला आत येऊ दिलं नाही. म्हणतो, माझ्या बायकोला कळा लागल्या तेव्हा हीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. रस्ताभर रिक्षावाल्याशी भांडत गेली."

आजीनं आणखी एक प्रश्न विचारला. टेकबहादूर हसत सुटला.

"हे काय विचारलं?"

"विचारलं, ही बाई गोड बोलते का? तो म्हणाला, आजपर्यंत एकदाही नाही."

आजीनं फोन लामासरांना परत दिला. मंजुळाबाईंकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग उठली आणि कडी काढली.

सुनमाया दारामागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकता ऐकता तिनं काय केलं होतं ते आता दिसलं. पाठीला दप्तर अडकवलेलं होतं. दप्तराच्या तोंडातून एक फ्रॉक आणि कंगवा बाहेर आला होता. ती सरळ मंजुळाबाईंसमोर आली, पाया पडली आणि टीव्हीवर शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "आमा, मी तयार आहे. आपण कधी निघायचं?"

मंजुळाबाईंनी तिला ओढून पोटाशी धरलं. केसांना तेलाचा आणि धुराचा वास होता. एवढं एक क्षणभर त्यांना पुरलं. त्यांनी आजीकडं बघितलं. म्हातारी काहीतरी पुटपुटली.

"ती म्हणते, ती आता अडवणार नाही," लामासर म्हणाले. "म्हणते, माझं वय झालं. तिथं शिकेल तर शिकू दे."

म्हणजे सगळं जुळलं होतं. रंगवलेली खोली, जाळीची खिडकी, इंग्लिश शाळा. बाईंनी जे मनात धरून एवढा मुलूख पार केला, ते हातात येऊन बसलं होतं. आणि नेमकं तिथंच मंजुळाबाईंचं डोकं तापलं. त्यांनी पोरीला बाजूला केलं आणि आजीला म्हणाल्या, "म्हातारे, तुला कळतं का काय करतीयास?"

आजी गोंधळली. लामासरही.

"सांगा तिला, सर. जसंच्या तसं सांगा. एका फोनवर कडी काढलीस? तो टेक्या कोण? माझा भाडेकरू. माझ्या खोलीत ऱ्हातो, माझं पाणी पितो. मी त्याला शिकवून, पढवून ठेवला असता तर? त्याच्या जागी दुसराच कुणी उभा करून बोलायला लावला असता तर? आपल्याच माणसाच्या शब्दाला वळख म्हणत न्हाईत. मी दारात कुणाला असं घेत न्हाई, आन् तू पोर द्यायला निघालीस?"

लामासरांनी सांगितलं. म्हातारी पुन्हा उंबऱ्यावर बसली. मंजुळाबाईंना तिची दया आली, पण त्या थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पोरीला घेऊन निघाल्या असत्या. त्या सुनमायाकडं वळल्या. तिचे खांदे धरले.

"आन् तू गं. दप्तर भरून बसलीस? मी कोण हाय तुला ठाऊक हाय का?"

"तुम्ही आमा. बाबा सांगायचे."

"बाबा सांगायचा तीच मी कशावरनं? माझं नाव सांगून दुसरी कुणी आली असती तर?"

बाईंनी पोरीची हनुवटी वर केली.

"ऐक. नीट ऐक. कुणी बाई आली, गोड बोलली, बांगड्या दिल्या, माझं नाव सांगितलं, तुझ्या बापाचं नाव सांगितलं, तरी जायचं न्हाई. पुण्याला न्हाई, मुंबईला न्हाई, दिल्लीला न्हाई. मी आले तरी न्हाई. कळलं? मी परत आले, रडले, पाया पडले, तरी माझ्यासंगं यायचं न्हाई. शिकायचं हितंच. खर्चाचं मी बघते. मोठी झालीस, चार अक्षरं आली, सोताचं तिकीट सोताला काढता आलं, की मग ये. आपल्या पायानं ये. आन् आधी ह्या म्हातारीला घेऊन ये, मोशीत चार घरी माझी चौकशी करू दे."

सुनमायानं दप्तर काढलं आणि जमिनीवर टाकलं. ती रडली नाही. मंजुळाबाईंकडं अशा नजरेनं बघितलं की बाईंना ते सोसेना, आणि घरात निघून गेली. आजीनं हाक मारली, तरी ती बाहेर आली नाही.

बाईंनी बांगड्यांचा जुडगा परत पिशवीत टाकला. परकर-पोलकं आणि लाडू तेवढे ठेवले. निघताना आजीनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. लामासर जीपवाल्याला थांबवायला पुढं गेले होते.

जीपमध्ये शालनबाई म्हणाली, "बाई, लेकराला एवढं तोडून बोलायचं व्हतं का?"

"व्हय," मंजुळाबाई म्हणाल्या आणि खिडकीकडं तोंड करून बसल्या. पुढं मुक्तिनाथाला त्यांनी डोकं टेकवलं, पण काय मागितलं ते शालनबाईला कळू दिलं नाही.

मोशीला आल्यावर टेकबहादूरनं किल्लीवरून तोंड सोडलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी त्याच्या दोन वर्षांच्या पोरीच्या हातात त्या बांगड्या चढवल्या. मोठ्या झाल्या, निसटून पडायला लागल्या. "मोठी झाली की बसतील," असं म्हणून त्या आत गेल्या. टेकबहादूर बायकोला म्हणाला, बाईंना तिकडची हवा लागलेली दिसते.

पण महिनाभर बाईंना धड झोप नव्हती. लामासरांचा पावतीचा मेसेज आला, त्यात फोटो नव्हता. विचारलं तर ते म्हणाले, सुनमाया फोटो काढून घेत नाही, रुसली आहे. सोपानरावांनी एकदा हळूच विचारलं, "ती खोली रिकामी ठेवून काय पूजा करायची हाय का?" एका खोलीचं भाडं हातानं बुडवणं ही मंजुळाबाईंच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट होती, आणि ती त्यांना रोज टोचायची, तरी त्यांनी पाटी लावली नाही.

अशातच एक दिवस ओडिशाचा एक वेल्डर फाटकात आला. सोबत शेजारच्या कंपनीचा ठेकेदार, ओळख चोख. "ती सात नंबरची रिकामी दिसते, ती द्या," तो म्हणाला.

"ती दिलीया," मंजुळाबाई म्हणाल्या. "माणूस यायचंय अजून."

त्याच संध्याकाळी मोबाइल वाजला. लामासरांच्या नंबरवरून आवाजाचा मेसेज होता. बाईंनी तो अंगणात, नळापाशी उभं राहून ऐकला. सुनमायाचा आवाज होता, घसा साफ करून पाठ केल्यासारखा. "आमा, लामासर म्हणतात, तुमच्याकडं खोली घ्यायला ओळख लागते, आणि ती स्वतःच्या माणसाची चालत नाही. मी मोठी होऊन येईन तेव्हा माझी ओळख कोण देणार? मला तर तिथं कुणीच ओळखत नाही."

मंजुळाबाईंनी तो पुन्हा ऐकला. मग बोलायचं बटण दाबलं आणि सोडलं, पुन्हा दाबलं आणि पुन्हा सोडलं. चार नंबरच्या दारात टेकबहादूर भांडी घासता घासता थांबून बघत होता. नळ चालूच होता, आणि बाईंनी त्याला एका शब्दानं टोकलं नाही.

शेवटी त्यांनी बटण घट्ट दाबून धरलं.

"तुझी ओळख तुझ्या बापानं देऊन ठेवलीया," त्या म्हणाल्या. "आपल्या माणसाची असली, तरी ती चालंल."